कडू गोळीची वाटणी

तमाम मराठी जनतेस, आणि विशेषेकरून दादरच्या आमच्या सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांस, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की काल दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक फणस दाखल झाला आहे. फणस बरका आहे. तो मालवणहून आलेला असून त्याच्याबरोबर मुक्कामाला एकही नातेवाईक आलेला नाही, तरी सभासदांनी निर्धास्त असावे. वासाविषयीच्या तक्रारी लेखी द्याव्यात. त्या वाचल्या जाणार नाहीत.

ही घोषणा मी जिन्याच्या कठड्याला टेकून, डावा हात छातीशी धरून, खड्या आवाजात केली. तरुणपणी लालबागच्या चाळीच्या गणेशोत्सवात मी राजमाता झाले आहे, दरोडेखोराची बायको झाले आहे आणि ऐनवेळी दरोडेखोराला गोवर आला तेव्हा दरोडेखोरही झाले आहे. आवाज अजून शाबूत आहे. वरच्या मजल्यापर्यंतची दारं उघडली. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, एवढा थोरला फणस? तुम्ही घरात दोघंच ना?"

झालं. पेटले मी.

बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. फणस घरातली डोकी मोजून आणत नाहीत हे त्यांना ठाऊक नसेल. त्यांचं बालपण सफरचंदात गेलं असेल. पण माझं हे असंच आहे. चैत्र उतरायला लागला, वारा पडला, हातातली वहीसुद्धा घामानं मऊ पडायला लागली, की इतरांना घामोळं येतं आणि मला राग येतो. घामोळ्यावर निदान पावडर मिळते.

हा माझा राग महाराष्ट्र राज्याच्या वयाचा आहे. दोघांचा जन्म एकाच उन्हाळ्यातला. राज्याच्या वाढदिवसाला झेंडावंदन होतं, रोषणाई होते, भाषणं होतात. माझ्या रागाला कधी कुणी साधा हार घातला नाही. म्हणून आज मीच घालते.

त्या उन्हाळ्यात मी लालबागला मामाकडे राहून माटुंग्याच्या कॉलेजात सायन्स शिकत होते. आईवडील मालवणकडे. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं, मी होते. एक खोली, बाहेर गॅलरी, आणि गॅलरीत साऱ्या चाळीचे पापड, मिरच्या, आमसुलं वाळत घातलेली. गिरणीतून उडत आलेला कापसाचा भुरा त्यांच्यावर बसायचा, त्यामुळे आमच्याकडच्या पापडाला तळल्यावरही बारीक लव असायची. परीक्षेचा अभ्यास मी त्याच गॅलरीत पाय लांब सोडून करायची. हवेत कापूस, ऊन, करपलेलं तेल, आणि शिवडीच्या बाजूनं ओहोटीला येणारा चिखलाचा वास. समोरच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा मधल्या पावसाळ्यांनी धुऊन नेल्या होत्या. 'मुंबईसह' एवढा एकच शब्द टिकला होता. मुंबईसह काय, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मामा त्या एका शब्दासाठी लाठ्या खाऊन आलेला माणूस. भिकाजी त्याचं नाव. गिरणीत विणकर, म्हणजे साच्यावर उभं राहून कापड काढणारा. "मुंबयचो एक खडोसुद्धा कोणाक देवचो नाय," हे वाक्य तो जेवताना म्हणायचा, दाढी करताना म्हणायचा आणि एकदा तर मी त्याला ते झोपेत म्हणताना ऐकलं आहे. मुंबईचा खडाही न देणाऱ्या या माणसानं पुढे काय काय वाटून टाकलं, ते सांगते. घाई करू नका. मी रागावले आहे, पण क्रम सोडणार नाही.

मामाच्या पोटात गाठ झाली. परळच्या एका धर्मादाय इस्पितळात, जे आता राहिलेलंही नाही, त्याचं पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. मग मोठ्या मशीनखाली निजवून शेक दिला. चाळीत त्याला 'लाईट मारणं' म्हणत. गाठ ढिम्म हलली नाही. मामाच्या गळ्याखाली भाताचं शीत उतरेना. मामी पेज करायची, मामा तिच्यावरचं पाणी प्यायचा आणि उरलेलं ताट झाकून ठेवायचा, जणू नंतर खाणार आहे. मामी ते ताट संध्याकाळी गपचूप कावळ्यांना घालायची. दोघं एकमेकांना फसवत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

तिथल्या डॉक्टर टिपणिसांनी सांगितलं, एक नवी गोळी आली आहे, अजून बाजारात नाही. ज्यांच्यावर बाकीचे उपाय थकले त्यांना आम्ही ती देऊन पाहतो आहोत. टिपणीस गिरगावातले, विलायतेत शिकून आलेले. इस्त्रीचा कोट आणि थंड हात. "घेणार का?" त्यांनी विचारलं.

"देवा," मामा म्हणाला.

एवढंच झालं. 'देऊन पाहतो' म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. प्रश्न आम्ही सरकारला विचारायचो.

मग दर शनिवारी परळला जायचं. लाकडी बाकड्यावर ओळीनं बसायचं. बोट टोचून रक्त द्यायचं, काट्यावर उभं राहायचं, डॉक्टर पोट दाबून गाठ पाहायचे, आणि शेवटी कंपाउंडर खिडकीतून आठवड्याच्या गोळ्यांची बाटली द्यायचा. नर्स प्रत्येकाला बजावायची, "गोळी पाण्याबरोबर गिळायची. चावायची नाही. समजलं?" सगळे मान हलवायचे. सगळ्यांना समजलेलं असायचं. आणि सगळे चावायचे.

आता गिरणगावातल्या माणसाला गोळी चावू नको म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दूध नुसतं पाहा म्हणण्यासारखं आहे. औषध जिभेला कळलं पाहिजे! काढा कडू हवा, मात्रा तुरट हवी, चूर्णानं घसा धरला पाहिजे. जे कडू नाही ते लागू नाही. नुसतं गिळलं तर औषधाला तरी कसं कळणार की आपण कुणाच्या पोटात आलो? हे शास्त्र कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत, पण त्या बाकड्यावरचा प्रत्येक जण त्यात पदवीधर होता.

बाकड्यावर मामाच्या शेजारी कांबळे बसायचे. दोघं एकाच गिरणीतले आणि उभ्या जन्मात एकमेकांशी धड बोललेले नाहीत. कांबळे रिंग खात्यात, सूत काढायला. विणखात्यात त्यांना पाऊल टाकायची सोय नव्हती. का, तर मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून विणकराला सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागतं. आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो. जातीला हे चालत नव्हतं. कापड मात्र सगळ्या जाती नेसत होत्या. कांबळे तीनचार वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते आणि तेव्हापासून मान जरा जास्तच ताठ ठेवून बसायचे. पोटातल्या गाठीनंही ती वाकली नव्हती.

एका शनिवारी मामानं बाकड्यावरच गोळी तोंडात टाकली, चावली आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. शेजारी कांबळे चणे खाल्ल्यासारखी गोळी चावत होते.

"काय रे कांबळे, तुका कडू नाय लागत?"

"कडू? न्हाई बा. गोड हाय की. बत्ताशावानी."

"खय? दी बघू."

मामानं कांबळ्यांच्या बाटलीतली एक चावून पाहिली. मग आपल्यातली एक त्यांना दिली. कांबळ्यांनी ती दाढेखाली धरली आणि थुंकायला धावले.

परत येऊन म्हणाले, "आयला, ह्यो कंपाउंडर चोर हाय!"

बघता बघता सगळ्या बाकड्यावर चवीची परिषद भरली. याची कडू, त्याची गोड, पलीकडच्याची कडू, त्याच्या पलीकडच्याची पुन्हा गोड. निकाल एकमतानं लागला. दूधवाला पाणी घालतो, रेशनवाला तांदळात खडे घालतो, तसाच हा कंपाउंडर खऱ्या गोळ्या बाहेर विकून त्यांच्या जागी साखरेच्या भरतो आहे. दुसरं काय असणार? चोरी आम्हांला ओळखीची होती. आमची अक्कल तिथपर्यंतच पोचली. कुणी जाणूनबुजून, मोजूनमापून, कोट घालून आजारी माणसाला साखर देईल, हे त्या बाकड्यावर एकाच्याही मनात आलं नाही.

"चला, धरू या त्याला," कांबळे उठले.

"आनी डाक्टराक काय सांगशीत?" मामा म्हणाला. "चावलंव म्हणान?"

सगळे खाली बसले. नर्सनं चावू नका म्हणून सांगितलं होतं! लाठीला न घाबरलेली ही माणसं नर्सला घाबरली. शिवाय तक्रार केली आणि बाटलीच बंद झाली तर? तेव्हा मामानं सुचवलं ते सगळ्यांना एकदम पटलं, कारण गावाहून मुंबईत आलेला प्रत्येक जण तेच करून जगला होता. सगळ्यांचं एका भांड्यात घालायचं आणि सारखं वाटायचं.

मामीचा खलबत्ता यासाठी बाहेर निघाला. शनिवारी दुपारी इस्पितळातून ही मंडळी थेट आमच्या खोलीवर यायची, घोंगडीवर बसायची आणि बाटल्या मधोमध रिकाम्या करायची. कांबळे पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबले. मामीनं पाण्याची कळशी उचलून मोरीच्या आतल्या बाजूला सरकवली. कांबळ्यांनी ते पाहिलं. मी पाहिलं. मामानं पाहिलं.

"ती कळशी हय हाड," मामा मामीला म्हणाला. "आनी कांबळे, तू भितर ये. भायर उभो रवान काय पोलीस बघतंस?"

मामीनं कळशी परत आणली, पण असा आवाज करून ठेवली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय पडला?" म्हणून विचारलं. मग तिनं बत्ता हातात घेतला आणि गोळ्या कुटल्या. देवा रे, काय कुटल्या! त्यात तिचा सगळा हिशेब होता: गाठीवरचा, नवऱ्यावरचा, कांबळ्यांवरचा, आणि आपल्या हातून हे घडतंय यावरचा. पांढरी धूळ उडायची. कडू वासानं गॅलरीतली पोरं नाक धरून पळायची. ती पूड मधात कालवली जायची, पहिला चमचा तिथेच चाटायचा आणि उरलेलं आठवड्यापुरतं आपापल्या बाटलीत न्यायचं. चमच्यानं वाटणी कांबळे करायचे, कारण त्यांचा हात थरथरत नव्हता आणि ते कुणाचंच ऐकत नव्हते. ज्याच्या तोंडचा धोटा चालला नसता, त्याच्या हातचं चाटण मामा जीभ पुढे करून घेत होता. मला हे दृश्य फार आवडायचं आणि ते पाहून माझ्या अंगाची आग व्हायची. दोन्ही एकदम.

आग का, सांगते. मामाला उतार पडत होता! वाटणी सुरू व्हायच्या आधी, कडू गोळी एकटीच पोटात जात होती तेव्हा, त्याचे केस गळाले, तो ओकला, अंथरुणाला खिळला. आणि मग एके दिवशी त्यानं पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला. खाल्ला. जिरवला. मामी चुलीकडे तोंड करून रडली. डॉक्टर टिपणीस पोट दाबून पाहताना पहिल्यांदा हसले. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता तोच माणूस आपलं औषध साखरेत मिसळून गावाला चाटवत होता.

"मामा, तुला गुण येतोय," मी म्हणाले. "हे कशाला चालवलंयस?"

"गो बाय, मी तेच्या बाजूक बसतंय. तेची गोळी गोड आसा, ह्या माका ठावक आसा. आता काय ठावक नसल्यासारख्या करू?"

"कर! डोळे मीट आणि कर!"

"तुझी परीक्षा कधी गो?" मामा म्हणाला. हरायला लागला की तो माझ्या परीक्षेची चौकशी करायचा.

अशात गावाहून बोटीनं फणस आला. मामाला त्यातला गराच काय, गऱ्याचा वासही सोसत नव्हता. तरी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून तो कापायला बसला. चीक ताराताराने लोंबत होता, माश्या घोंगावत होत्या, चाळीतली पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी. मामा एकेक गरा ओढून काढत होता, कपाळावर टोपीखाली केस नव्हते, घाम होता. सगळ्या बिऱ्हाडांना गेला. शेवटी हाताला चिकटलेलं त्यानं चाटायला म्हणून जीभ बाहेर काढली आणि मग काहीतरी आठवल्यासारखं हात पुसून टाकले. तो हात पुसणारा मामा मला दर वर्षी दिसतो. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, दोघंच ना?

वाटणीचा परिणाम डोक्यांवर दिसायला लागला. मामाचे केस पुन्हा फुटू लागले, आणि कांबळ्यांचे, जे झुपक्यासारखे दाट होते, ते विरळ झाले. बाकीच्यांचंही तेच. संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधी लालबागात संयुक्त टक्कल स्थापन झालं. त्यात कुणावर अन्याय नव्हता.

डॉक्टर टिपणीस मूर्ख नव्हते. बाकड्यासमोरून जाताना ते थबकले आणि एकेका डोक्याकडे पाहत गेले, भाजीवाल्यासमोर दुधी पारखत जावं तसे. मग सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. त्या दिवशी मामी आणि मीही बरोबर होतो. बाहेर इस्पितळाच्या सज्जावर माणसं शिडीवर चढून रंगीत दिव्यांच्या माळा ठोकत होती, कारण नवं राज्य आता येऊन ठेपलं होतं. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला डॉक्टरांच्या टेबलावरचा काचेचा पेला किणकिणत होता.

"गोळ्या कशा घेता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मामानं अभिमानानं सांगून टाकलं. कुटून. मधातून. सगळ्यांना सारखी.

मी माणसं चिडलेली पाहिली आहेत. मुकादम पाहिले आहेत, फौजदार पाहिले आहेत. पण तसा चिडलेला माणूस पुन्हा पाहिला नाही. टिपणीस आधी पांढरे झाले आणि मग ओरडले, "कुणी सांगितलं तुम्हांला? सगळं मातीत घातलंत! निम्म्या बाटल्यांत साखरच होती! मी घातली होती! मुद्दाम!"

मग कांबळे हळूच म्हणाले, "म्हंजे कंपाउंडर चोर न्हवता? आमी उगंच त्याच्या आयबापाचा उद्धार केला."

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आला तो राग. मी पुढे होऊन, दरोडेखोराच्या आवाजात, विचारलं, "तुम्ही मरायला टेकलेल्या माणसांना साखर चारलीत? आणि सांगितलंही नाहीत?"

"सांगितलं असतं तर उपयोग काय होता?" तेही तेवढ्याच आवाजात म्हणाले. "सगळ्यांना दिली आणि दोघांना बरं वाटलं, तर ते गोळीमुळे की मनामुळे, कसं कळणार? हे विष आहे बाई! उद्या हजारो लोकांच्या तोंडात घालायचं आणि ते नुसतंच विष निघालं तर? कुणीतरी साखर घ्यायलाच हवी!"

आणि इथे माझी पंचाईत झाली. कारण हे मला कळत होतं. माटुंग्याला वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगात आम्ही एक कुंडी उन्हात ठेवायचो आणि एक काळोखात, कपाटात. काळोखातली कुंडी असल्याशिवाय उन्हातल्या कुंडीला काही अर्थ नसतो. मी स्वतः वहीत तसं लिहून चांगले मार्क मिळवले होते. म्हणजे कांबळे कपाटातली कुंडी होते. प्रयोग चोख होता. फक्त कुंडीला आपण विचारत नाही, आणि कुंड्या बाकड्यावर शेजारी बसून एकमेकींच्या मुळांची चव घेत नाहीत. डॉक्टर विलायतेत सगळं शिकले होते. आपल्या समोर बसलेली माणसं एकमेकांशी बोलतात, एवढंच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मग मी चिडू कुणावर? अजून ठरलेलं नाही. टिपणिसांवर चिडते, तर ते म्हणत होते त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आज कुठल्याही आजाराची गोळी मी तोंडात टाकते तेव्हा कुणीतरी, कुठल्यातरी बाकड्यावर, तिच्यासाठी साखर खाल्लेली असते. पण साखर खायला घालायची तर हात धरून सांगायचं होतं! "कांबळे, तुम्हांला कदाचित काहीच मिळणार नाही, तरी याल का?" असं म्हणायचं होतं. कोण जाणे, ते आलेही असते. नव्या राज्यासाठी नाही का माणसं गेली, जे आपण पाहू याची खात्री नव्हती? विचारलं असतं तर आले असते. न विचारता बसवलं. याची चीड जात नाही.

मामावर चिडते, तर गोष्ट ऐकणारे माझ्यावरच उलटतात. परवा एका लग्नात मी हे सांगितलं, तर पंगतीत शेजारी बसलेल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती गोड माणसं होती हो तेव्हाची!" मी जिलेबी खाली ठेवली. गोड? गोड गोळ्या होत्या, बाई. माणसं हट्टी होती, अडाणी होती, आपल्या माणसांचा विचार न करणारी होती. मामाच्या समोर मी होते. मामी होती. आम्हांला त्यानं विचारलं? डॉक्टरांनी त्याला विचारलं नाही, त्यानं आम्हांला विचारलं नाही. लोकांना वाटतं वाटून खाणं म्हणजे पुण्य. ज्याच्या घरातलं वाटलं जातं त्या घरात बसून पाहा. आता गिरण्या बंद पडल्यात, बाकडी गेलीत, तेव्हा त्या दिवसांवर साय धरायला लागली आहे. मी ती साय फुंकून बाजूला करते. खाली अजून चटका आहे.

तर शेवटी काय झालं, हे विचाराल. मामा त्या वर्षी दिवाळीच्या आधी गेला. कांबळे ऐन पावसाळ्यात गेले. चिखलातून मामा त्यांच्या मातीला चालत गेला. डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या दिवसानंतर मामानं खऱ्या कडू गोळ्या घेतल्या. वाटल्या नाहीत. चावून, मामीच्या समोर बसून, तिच्या डोळ्याला डोळा न देता घेतल्या. त्या गोळ्यांनी त्याला तो पावसाळा दिला की तो तसाच मिळाला असता, वाटणीत गेलेले आठवडे वाया गेले नसते तर आणखी किती मिळाला असता, की ती गोळीच मुळात कुचकामी होती, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. प्रयोग मोडला होता. टिपणिसांनाही सांगता आलं नाही. मी पुढे एकदा त्यांना गिरगावात रस्त्यात गाठून विचारलं होतं. कोट तसाच होता. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि म्हणाले, "मलाही तेच कळायला हवं होतं."

पण मामानं त्या गोळ्या घेतल्या कशा, हे राहिलंच. ज्या माणसानं नर्सचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, त्यानं ते का केलं?

त्याच खोलीत, त्याच दिवशी. ओरडून झाल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मग त्यांनी मामाला टेबलावर निजवलं, पोट दाबलं आणि उठवून शांतपणे सांगितलं, "भिकाजी, तुमची गाठ कमी होत होती. आता पुन्हा वाढते आहे." मग कपाट उघडून एक बाटली काढली. "एवढ्याच उरल्या आहेत. प्रयोग बुडाला, आता विलायतेहून नवी पेटी येणार नाही. एका माणसाला पूर्ण पुरतील. सगळ्यांनी घेतल्या तर कुणालाच लागू पडणार नाहीत. गुण तुम्हांला येत होता, म्हणून तुम्हांला देतोय. घ्या."

मामानं बाटली घेतली. खोलीतली सगळी विरळ डोकी खाली गेली. कांबळे खिडकीबाहेर शिडीवरच्या माणसाकडे पाहत होते, जणू त्याला माळ नीट लावता येते की नाही हे तपासायचं काम त्यांच्यावर सोपवलं होतं. मामानं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याचा अंगठा झाकणावर गेला. झाकण फिरलं. डाव्या हाताचा पसा त्यानं पुढे केला, दर शनिवारी करायचा तसा, आणि बाटली त्याच्यावर कलती केली.

तेव्हा दाराशी उभी असलेली मामी, जिनं सगळ्या संसारात नवऱ्याला 'अवो'शिवाय हाक मारली नव्हती, डॉक्टरांसमोर पदर सावरायचं विसरून किंचाळली, "एकटो खा रे मेल्या! एकदा तरी एकटो खा!"